तोगाकुशीला विद्येच्या देवाकडे जाताय? या चुका टाळा

जपानातल्या तोगाकुशीहून परतलेल्यांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो. उंच सिडरची दुतर्फा रांग, मधून गेलेली सरळ वाट आणि लाल रंगाचा गवती छपराचा दरवाजा. त्या छपरावर नेचे उगवलेले असतात. फोटो देखणा असतो यात वाद नाही. पण मुलाच्या दहावी-बारावीसाठी किंवा स्वतःच्या पीएचडीसाठी ज्या देवाला भेटायला तुम्ही नागानोच्या डोंगरात एवढं लांब आलात, तो देव त्या वाटेवर नाही. त्याचं देऊळ दोन-अडीच किलोमीटर मागे राहिलं आणि बस त्याच्या दारावरून पुढे निघून गेली.

तोगाकुशीतली सगळ्यात मोठी चूक हीच. 'तोगाकुशी जिन्जा' हे एक देऊळ नाही, पाच देवळं आहेत. डोंगराच्या पायथ्यापासून वरपर्यंत ती विखुरलेली आहेत: होकोशा, हिनोमिकोशा, चूशा, कुझुर्यूशा आणि ओकुशा. प्रत्येकाचा देव वेगळा. विद्या, बुद्धी आणि युक्तीचा देव ओमोइकाने. पूर्ण नाव आमे-नो-यागोकोरो-ओमोइकाने. तो चूशात आहे. ओकुशात आहे ताजिकाराओ, म्हणजे बळाचा देव. खेळाडूंनी त्याच्याकडे अवश्य जावं.

कथा माहीत असली की ही गल्लत होत नाही. सूर्यदेवी आमातेरासु भावाच्या दांडगाईला कंटाळून गुहेत जाऊन बसली, दार लावून घेतलं आणि जग अंधारात बुडालं. देवांची सभा भरली, पण दार ढकलून काही होईना. तेव्हा ओमोइकानेने बेत आखला. कोंबड्यांना आरवायला लावायचं, झाडाला आरसा टांगायचा, उझुमे या देवीने नाचायचं आणि बाकीच्यांनी खो-खो हसायचं. आत बसलेल्या आमातेरासुला राहवलं नाही. एवढा गलका कसला म्हणून तिने दार किलकिलं केलं आणि तेवढ्यात दबा धरून बसलेल्या ताजिकाराओने ते खेचून भिरकावलं. ते शिळेचं दार येऊन पडलं तो हा तोगाकुशीचा डोंगर, अशी इथली श्रद्धा. डोक्याचं काम चूशातल्या देवाचं, हाताचं काम ओकुशातल्याचं आणि नाचणारी उझुमे हिनोमिकोशात. होकोशात ओमोइकानेचा मुलगा असतो. कुझुर्यूशातला नऊ डोक्यांचा ड्रॅगन इथला मूळचा, पावसापाण्याचा देव.

आपल्याकडचे काही जण 'जपानची सरस्वती कुठे' असं विचारत येतात. सरस्वती जपानात आहे, बेन्झाइतेन या नावाने, पण ती तोगाकुशीत नाही. तिच्याकडे संगीत आणि धनासाठीही माणसं जातात. परीक्षेसाठी जपानी विद्यार्थी बहुतेक करून तेन्जिनकडे जातात, म्हणजे सुगावारा नो मिचिझाने (८४५–९०३) या दरबारी विद्वानाच्या देवळात. क्योतोचं कितानो तेन्मान्गू आणि क्यूशूतलं दाझाइफू ही त्याची मोठी ठिकाणं, आणि दोन्हीकडे जत्रेसारखी गर्दी असते. शांतपणे टेकायचं असेल तर चूशा बरं, असं माझं मत.

बसमध्ये बसण्याआधी

तोक्योहून होकुरिकु शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, नागानो साधारण दीड तासावर. तिथून तोगाकुशीची बस तासाभराची, सगळी घाटाची. घाट लागणाऱ्यांनी गोळी घेऊन बसावं. बस वर चढताना आधी होकोशा लागतं, मग चूशा, मग ओकुशाचा फाटा. मोबाइलमध्ये नुसतं 'तोगाकुशी श्राइन' टाकलं की नकाशा पाचातल्या कुठल्या देवळाची खूण दाखवेल ते सांगता येत नाही. उतरायच्या थांब्याचं नाव 'चूशा' आहे हे आधीच ठरवा आणि बसताना चालकाला एकदा ऐकवा. तो मान डोलावतो आणि थांबा आला की तुमच्याकडे बघतोही.

परतीची शेवटची बस तुमच्या अंदाजापेक्षा लवकर असते. हिवाळ्यात फेऱ्या आणखी कमी. उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. आठवड्याचे दिवस आणि सुट्टीचे दिवस यांचे रकाने वेगळे असतात, तेवढं नीट पाहा. बस चुकलीच तर रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी मिळेल ही आशा सोडा. जवळच्या एखाद्या दुकानात किंवा धर्मशाळेत जाऊन फोन करून द्यायला सांगा. रोख पैसे जवळ हवेतच. बसला सुटे, देवाला सुटे, दुकानालाही सुटे.

देवळांची कचेरी, म्हणजे जिथे ताईत आणि शिक्के मिळतात ती, साधारण नऊला उघडते आणि चार-पाचच्या दरम्यान बंद होते. सकाळी सिडरची वाट, दुपारी जेवण आणि संध्याकाळी चूशा असा बेत केला तर चूशात पोचेपर्यंत खिडकी बंद झालेली असते. काम विद्येच्या देवाकडे असेल तर आधी त्याच्याकडे जा. वेळ उरला तर वर.

देवळात

चूशाच्या पायऱ्या चढण्याआधी डाव्या-उजव्या हाताला असलेले तीन सिडर बघा. साधारण आठशे वर्षांचे आहेत असं सांगतात. तिघं मिळून मोठा त्रिकोण धरून उभे आहेत.

आपली सवय अशी की देवळाबाहेर पाणी दिसलं की पाय धुवायचे. तेमिझुच्या, म्हणजे हात-तोंड धुवायच्या हौदावर पाय धुवू नका आणि ते पाणी तीर्थ म्हणून पिऊही नका. ओगराळ्यासारखी लांब दांड्याची पळी असते. उजव्या हातात धरून आधी डावा हात धुवायचा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा. परत उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत थोडं पाणी घ्यायचं, त्याने तोंड खळखळून बाजूला टाकायचं, डावा हात पुन्हा धुवायचा आणि पळी उभी करून उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू द्यायचं, म्हणजे पुढच्याला ती स्वच्छ मिळते. पळीला तोंड लावायचं नाही. काही ठिकाणी आता पळ्या नसतात, नुसती धार असते. तिथे हात धरले की झालं.

तोरीखालून, म्हणजे देवळाच्या कमानीखालून, आत जाताना कमरेतून थोडं वाकायचं आणि वाटेच्या मधोमध चालायचं नाही. मधला भाग देवाचा. पुढे गेलं की दानपेटीत नाणं हळूच सोडायचं. लांबून नेम धरून फेकणं वाईट दिसतं. मग दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, मनातलं म्हणणं, आणि शेवटी एकदा नमस्कार. साष्टांग घालू नका, प्रदक्षिणाही नाही. हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती पिशवीतच राहू द्या. चप्पल बाहेर काढायची गरज नाही, पूजेसाठी आत बोलावलं तरच काढायची.

दोन टाळ्यांच्या बाबतीत एक गंमत होते. तोगाकुशीला जाणारे बहुतेक जण त्याच दिवशी नागानो शहरातलं झेन्कोजी करतात. ते बौद्ध देऊळ आहे. तिथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, नुसते हात जोडायचे. दोन्हीकडे तेच करणारी मंडळी सर्रास दिसतात. तशी तोगाकुशीही पूर्वी बौद्ध आणि शिंतो, म्हणजे जपानचा मूळचा धर्म, अशी मिसळलेलीच होती. मेइजी काळात, १८६८ नंतर, सरकारने दोन्ही धर्म वेगळे केले तेव्हा ती पूर्ण शिंतो झाली.

चूशाच्या आत छताकडे पाहायला विसरू नका. कावानाबे क्योसाई (१८३१–१८८९) या चित्रकाराच्या ड्रॅगनचं चित्र तिथे आहे. मूळ चित्र आगीत गेलं, आताचं नव्याने केलेलं. पूजा चालू असेल तर दाराशी उभं राहून माना वर करू नका, ती संपू द्या. कॅमेरा आत वळवू नका.

चिठ्ठीसाठी वय सांगताना

इथली ओमिकुजी, म्हणजे भविष्याची चिठ्ठी, आपण डबा हलवून काढायची नसते. खिडकीशी जाऊन वय आणि स्त्री की पुरुष एवढं सांगायचं. आतली व्यक्ती देवाला विनवून तुमच्यासाठी चिठ्ठी काढून देते. घोळ होतो तो वयाचा. इथे चालू वय चालत नाही, जुन्या पद्धतीने मोजलेलं लागतं. जन्मताच एक वर्ष धरायचं आणि पुढे दर १ जानेवारीला एक वाढवायचं. सोपा हिशेब असा: चालू साल वजा जन्मसाल, अधिक एक. २०१० साली जन्मलेली मुलगी २०२६ मध्ये १७ वर्षांची, वाढदिवस झालेला असो वा नसो. खिडकीशी उभं राहून बोटं मोजण्यापेक्षा आकडा बसमध्येच काढून फोनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. चिठ्ठी जपानीत असते, जुन्या वळणाची. भाषांतराच्या अ‍ॅपने तिचा अर्थ लावला तर जे निघतं ते वाचून घाबरू नका.

एमा, म्हणजे नवस लिहायची लाकडी पाटी, मराठीत लिहिली तरी चालते. पण मुलाचं पूर्ण नाव, शाळा, बैठक क्रमांक आणि घरचा पत्ता असं सगळं तिच्यावर उतरवू नका. ती पाटी उघड्यावर टांगलेली असते आणि येणारे-जाणारे फोटो काढतात. पहिलं नाव आणि गाव पुरतं.

विद्येचा ताईत घेतलात तर त्याची पिशवी उसवून आत काय आहे ते पाहायचं नाही. तो दप्तराला किंवा कंपासपेटीत ठेवतात. साधारण वर्षभराने देवळात परत करायचा असतो. पुन्हा जाणं जमणार नसेल तर घरी देवघराजवळ राहिला तरी काही बिघडत नाही, कचऱ्यात मात्र टाकू नका. आणि निकाल चांगला लागला तर आभार मानायला परत यायची जपानी पद्धत आहे. आपल्याकडे नवस फेडतात तसंच.

वर जायचंच असेल तर

ओकुशाच्या फाट्यापासून लाल दरवाजापर्यंत, म्हणजे झुइशिन्मोनपर्यंत, साधारण एक किलोमीटर सपाट वाट. तिथून सिडरची रांग लागते आणि शेवटी दगडी पायऱ्या, त्याही उंचीला एकसारख्या नसलेल्या. फाट्यापासून देवळापर्यंत जायलाच ४० मिनिटं धरा. आजी-आजोबांना दरवाजापर्यंत नेऊन परत आणलं तरी त्यांना काही चुकल्यासारखं वाटणार नाही. वरचं देऊळ हिमस्खलनात गेलं म्हणून काँक्रीटमध्ये बांधलेलं आहे. प्राचीन लाकडी मंदिर मिळेल या अपेक्षेने चढणारे तोंड पाडून उतरतात.

हिवाळ्यात वर जाण्याचा विचार करू नका. जानेवारीपासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वरची कचेरी बंद असते. बर्फ कमरेपर्यंत साचतो, आणि फोटोतल्या वाटेवर चालायला बर्फाचे बूट लागतात. नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांनी चूशा आणि होकोशावर समाधान मानावं. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत इथे पानं रंगतात, गर्दीही असते आणि सकाळची थंडी पुण्याच्या जानेवारीला लाजवणारी. मेच्या सुट्टीत २९ एप्रिल ते ५ मे टाळा, अख्खं जपान तेव्हा रस्त्यावर असतं.

ओकुशाच्या मागून तोगाकुशी डोंगराच्या (१,९०४ मीटर) शिखराची वाट सुरू होते. तिथली पाटी दिसली की परत फिरा. वर 'आरी नो तोवातारी' नावाची धार आहे. जेमतेम अर्धा मीटर रुंद, दोन्हीकडे खोल कडा. सह्याद्रीत किल्ले केलेले तरुण 'हे तर हरिश्चंद्रगडासारखंच' म्हणून स्पोर्ट्स शूजवर निघतात. तिथून पडून माणसं मेली आहेत. शिवाय जंगलात अस्वलं आहेत, म्हणून इथली माणसं पाठपिशवीला घंटी बांधतात.

सोबा आणि शाकाहारी

तोगाकुशीची सोबा प्रसिद्ध आहे, बांबूच्या टोपलीवर लहान लहान जुड्या करून वाढतात. सोबा म्हणजे कुट्टूच्या शेवया, उपवासाला आपण खातो तेच पीठ. म्हणून शाकाहारी समजून ऑर्डर देतात आणि बुडवायच्या रसात सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. थंड सोबा रसाशिवाय, मीठ आणि किसलेल्या मुळ्याबरोबर मागता येते. आणि कुट्टूची अ‍ॅलर्जी असेल तर त्या दुकानात पाऊलच टाकू नका. ती गंभीर असते, आणि सोबा उकळलेल्याच पाण्यात इतर पदार्थही शिजतात.

चूशाजवळच्या शुकुबोमध्ये, म्हणजे यात्रेकरूंच्या जुन्या गवती छपराच्या घरांत राहणार असाल तर 'मासे नाही, मांस नाही, माशाचा अर्कही नाही' हे बुकिंग करतानाच जपानीत लिहून पाठवा. संध्याकाळी ताट समोर आल्यावर सांगून उपयोग नाही. तोवर स्वयंपाक झालेला असतो, आणि जवळपास जी काही दुकानं असतात ती कधीच बंद झालेली असतात.