चकोत्री कशी पाहावी? सह्याद्रीत जमिनीवर वावरणारे पक्षी शोधताना

सह्याद्रीच्या दाट रानात झाडावरचे बुलबुल आणि सूर्यपक्षी कुणालाही दिसतात. जमिनीवर वावरणारे पक्षी मात्र हुलकावणी देतात, आणि त्यात चकोत्री सगळ्यात तरबेज. कोंबडीपेक्षा लहान, तांबूस तपकिरी, डोळ्याभोवतीची कातडी लाल, पायही लाल. माणसाची चाहूल लागली की ती सहसा उडत नाही, सरळ झुडपात पळते. त्यामुळे दिवसभर पायपीट करूनही ती दिसत नाही. तिला, आणि त्याच रानातल्या राखी रानकोंबडा, कस्तूर, नवरंग, पाचू कवडा यांना पाहायचं असेल तर चालणं कमी करा आणि बसणं वाढवा.

आधी हंगाम आणि जागा ठरवा. फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम. पाचोळा वाळलेला असल्यामुळे पक्ष्याची हालचाल ऐकू येते. एप्रिल-मेमध्ये ओढे आटून जी थोडी डबकी उरतात, तिथे पक्षी पाण्याला येतात. नवरंग हवा असेल तर मेअखेर ते जून गाठा. तो हिवाळा दक्षिणेत काढून पावसाच्या तोंडावर इकडे येतो. आंबोली, महाबळेश्वर, भीमाशंकर, गोव्यातलं मोले, कुठेही जा. अभयारण्य असेल तर वनखात्याची परवानगी काढा आणि गावातला जाणकार वाटाड्या सोबत घ्या. कारवी (सह्याद्रीतलं एक झुडूप) सात-आठ वर्षांनी फुलते. ती फुलून गेल्यावर बी पडतं तेव्हा रानकोंबडे तिथे गोळा होतात. बांबूला बी येतं तेव्हाही तसंच. असं रान कुठे आहे, हे वाटाड्याला आवर्जून विचारा.

मग कान तयार करा. निघण्याआधी घरी या पक्ष्यांचे आवाज पुन्हा पुन्हा ऐका. माझ्या मते दुर्बिणीपेक्षा ही तयारी जास्त कामाची. चकोत्रीचा आवाज कर्कश आणि खडखडता, ‘क्र्र्र-क्वेक, क्र-क्र-क्वेक’ असा लागोपाठ येतो. नवरंग पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो. राखी रानकोंबड्याची बांग गावठी कोंबड्यासारखी लांबत नाही. ‘कुक्-काया-काया-कुक्’ अशी तुटक असते. तिच्या शेवटी तो हळूच ‘क्युकुन, क्युकुन’ म्हणतो. हे शेपूट जवळूनच ऐकू येतं. ते कानावर पडलं तर पाऊल उचलू नका, कोंबडा अगदी जवळ आहे.

उजाडायच्या आत जागेवर बसा. पायवाटेचं वळण, ओढ्याचा काठ किंवा झाडीतली छोटी मोकळी जागा निवडा, जिथे थोडी तरी जमीन उघडी दिसते. झाडाच्या बुंध्याला पाठ टेका. त्याआधी बुंधा आणि पाचोळा काठीने नीट तपासा. विषारी चापडा साप अशाच ठिकाणी असतो. कपडे मळकट हिरवे किंवा मातकट, आणि कापड सुती. सरसरणारं जाकीट नको. फोन पूर्ण बंद. किमान एक तास हलायचं नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच घडत नाही आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच उठतात.

पाचोळा ऐका. ही खरी मौज. चकोत्री आणि रानकोंबडा पायांनी उकरतात: दोन-तीन जोरकस खरडे, मग शांतता, मग टिपणं. कस्तूर चोचीने एकेक पान बाजूला भिरकावतो, त्यामुळे आवाज हलका आणि मध्ये मध्ये उड्यांचा. पाचू कवडा न उकरता चालत चालत दाणे टिपतो, त्याची पावलं बारीक वाजतात. आवाजाच्या दिशेने डोकं वळवायचं नाही, आधी फक्त नजर वळवायची.

दुर्बीण आधीच जुळवून ठेवा. रानात उजेड कमी, म्हणून ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) बरी. बसल्या बसल्या पंधरा-वीस पावलांवरच्या एखाद्या दगडावर फोकस करून ठेवा, म्हणजे ऐन वेळी चाक फिरवत बसावं लागणार नाही. पक्षी दिसला की लगेच हात उचलू नका. तो मान खाली घालून उकरू लागेपर्यंत थांबा. चकोत्री बहुधा जोडीने किंवा लहान टोळीने फिरते. एक वाट ओलांडून गेली तरी नजर तिथेच ठेवा, मागून दुसरी येते.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं अजिबात करू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो खाणं आणि पिल्लं सोडून धावून येतो. विणीच्या दिवसांत याची किंमत पिल्लांना मोजावी लागते. जमिनीवर घरटं किंवा अंडी दिसली तर फोटोसाठीही थांबू नका. आल्या पावली परत फिरा, आजूबाजूचं गवत-फांद्या जराही हलवू नका आणि ती जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. नोंद करायची तर तारीख, वेळ आणि जंगलाचं नाव पुरेसं आहे.