जुनी गाडी घेतली आणि चेक इंजिनचा दिवा लागला: कोड उडवण्याआधी काय काय बघायचं

गाडी घरी येऊन चौथा दिवस होता. बोनेटवर काढलेलं स्वस्तिक अजून पुरतं पुसलं नव्हतं. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गियरमध्ये गाडीने दोन झटके दिले आणि मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मागे बसलेल्या आईने लगेच विचारलं, "काय झालं रे?" मला उत्तर देता आलं नाही.

परत आल्यावर दोन गॅरेजं झाली. एकाने बोनेट उघडण्याआधीच सांगितलं, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नवा टाकू." दुसरा स्कॅनर लावून म्हणाला, "कोड उडवून देतो, दिवा जाईल." त्याला मी थांबवलं. ते थांबवलं म्हणूनच पुढचं सगळं सापडलं. कोड म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरने नोंदवून ठेवलेला बिघाडाचा नंबर. तो उडवला की दिवा जातो, पण त्याबरोबर बिघाडाचा पुरावाही जातो. जुन्या गाडीत तो पुरावा जास्तच मोलाचा, कारण आपल्याआधी तिचं काय झालं हे सांगणारं दुसरं कोणी नसतं.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?

दिवा लुकलुकत असेल तर गाडी हळूच बाजूला घ्या. इंजिन जोरात मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता तसंच सायलेन्सरच्या वाटेला लागतंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतं आणि आतली जाळी तापून वितळू शकते. काही शेकड्यांचं काम तिथे हजारोंवर जातं. दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल आणि पाण्याचा काटा जागेवर असेल, तर सांभाळून घरापर्यंत यायला हरकत नाही. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

घरी आल्यावर इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करा. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. गाडी बघायला जाल तेव्हाही हे आवर्जून करा. चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल तर तो खराब झालाय, नाहीतर कोणीतरी काढलाय किंवा झाकलाय. काही जण त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून देतात, म्हणजे दोन्ही बरोबर लागतात आणि बरोबर विझतात. या युक्तीने स्कॅनरला मात्र फसवता येत नाही. इंजिनाचा कंप्युटर दिवा लावायला सांगतोय की नाही, हे ॲपमध्ये वेगळं दिसतं.

स्कॅनर स्वतःचा घ्या

ओबीडी म्हणजे गाडीतली स्वतःचे बिघाड ओळखणारी यंत्रणा. ती वाचणारा, ब्लूटूथवर चालणारा छोटा अडॅप्टर काही शेकड्यांत मिळतो. आयफोन असेल तर त्याला चालणारा आहे ना, ते विचारून घ्या. फोनमध्ये टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखं ॲप टाका. स्टिअरिंगखाली, बहुतेक गुडघ्याच्या वरच्या बाजूला, सोळा पिनांचं सॉकेट असतं. अडॅप्टर तिथे लावायचा आणि चावी ऑन करायची. काम झालं की काढून ठेवायचा, कारण दिवसेंदिवस लावून ठेवला तर बॅटरी उतरते.

गाडी किती जुनी आहे हे इथे महत्त्वाचं. बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी नियम, पुढचा आकडा जितका मोठा तितके कडक. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. पण तेव्हा बीएस-४ ठरावीक शहरांपुरतंच होतं. मुंबई, पुणे, सोलापूर त्यात होती. देशभर ते लागू झालं एप्रिल २०१७ मध्ये. त्यामुळे २०१४ ची एखादी गाडी छोट्या गावात नोंदलेली बीएस-३ असू शकते आणि तिच्यात स्कॅनरला फार काही सापडेलच असं नाही. आरसी बुकवर बघून घ्या.

चार गोष्टी उतरवून घ्या, मगच बोनेट उघडा

पहिली गोष्ट म्हणजे कोड. साठवलेले कोड आणि पेंडिंग कोड, दोन्ही. बरेच दोष एकदा दिसले की आधी पेंडिंगमध्ये जातात. पुढच्या फेरीतही दिसले तरच दिवा लागतो. म्हणून दिवा नसतानाही पेंडिंगची यादी बघण्यासारखी असते.

दुसरी, फ्रीझ फ्रेम. दोष पकडला त्या क्षणाचा फोटोच म्हणा ना: इंजिन किती फिरत होतं, वेग किती, पाणी किती तापलेलं, इंजिनावर भार किती. माझ्या गाडीत २,३०० आरपीएम, भार ८६ टक्के, पाणी ९२ अंश असे आकडे होते. म्हणजे गरम इंजिन, चढ, पाय दाबलेला. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत हा दोष शोधून सापडलाच नसता.

तिसरी गोष्ट फार कमी लोक बघतात, आणि मी सगळ्यांना हीच बघायला सांगतो. ॲपमध्ये 'कोड साफ केल्यापासून चाललेलं अंतर' असा आकडा असतो. बहुतेक गाड्या तो देतात. माझ्याकडे आकडा आला २३१ किलोमीटर. गाडी ताब्यात घेतली तेव्हाचं रनिंग विक्रीच्या पावतीवर लिहिलेलं होतं, आणि त्यानंतर गाडी चालली होती २१४. म्हणजे मला चावी देण्याच्या जेमतेम सतरा किलोमीटर आधी कोड उडवले होते. लगेच कोणाला चोर ठरवू नका, बॅटरी काढून लावली तरी बऱ्याच गाड्यांत हा आकडा शून्यावर येतो. माझी बॅटरी मात्र दीड वर्ष जुनी होती आणि तिच्या टर्मिनलवर धुळीचा थर तसाच होता.

चौथी, मॉनिटर किंवा 'रेडिनेस'. इंजिनाचा कंप्युटर स्वतःच्या चाचण्या घेत असतो: कॅटॅलिटिकची, ऑक्सिजन सेन्सरची. कोड उडवले की या सगळ्या चाचण्या 'अपूर्ण' होतात आणि गाडी वेगवेगळ्या तऱ्हेने चालली की एकेक पुरी होते. विकायला ठेवलेल्या गाडीत सगळेच मॉनिटर अपूर्ण दिसले तर दोन-तीन दिवसांनी परत बघायला या.

या चारही गोष्टींचे स्क्रीनशॉट काढा. विक्रेत्याने लेखी वॉरंटी दिली असेल तर दुसऱ्या कोणाचा हात लागण्याआधी ते त्याला पाठवा.

कोड जागा दाखवतो, पार्ट नाही

माझा कोड होता पी ०३०३. 'पी' म्हणजे इंजिन-गियरबॉक्सची बाजू, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा कोड, त्यानंतरचा ३ म्हणजे इग्निशन आणि मिसिंग, आणि शेवटचा ३ म्हणजे तिसरं सिलिंडर. सिलिंडर मिसिंग मारतंय, एवढंच यातून कळतं. प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर की कॉम्प्रेशन, हे आपण शोधायचं. पहिल्या गॅरेजने सांगितलेल्या ऑक्सिजन सेन्सरचा इथे काही संबंधच नव्हता.

शोधायची पद्धत सोपी आणि फुकट आहे: अदलाबदल. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (प्लगला स्पार्कसाठी वीज देणारा भाग) असेल, तर इंजिन गार झाल्यावर आणि चावी बंद करून तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावा, पहिल्याची तिसऱ्यावर. आता कोड उडवायला हरकत नाही, कारण सगळं उतरवून झालंय. मग दोष ज्या परिस्थितीत आला तशीच गाडी चालवा. कोड पी ०३०१ झाला तर दोष कॉइलबरोबर हलला, म्हणजे कॉइल खराब. पी ०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग तसंच प्लगचं करा. एका वेळी एकच वस्तू हलवायची, नाहीतर काय सापडलं ते कळणार नाही.

मी कॉइल हलवली, दोष तिसऱ्यावरच. प्लग हलवला, तरी तिसऱ्यावरच. मग मोबाइलचा टॉर्च लावून तिसऱ्या कॉइलचा कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लॅस्टिकचा खटका, हातात घेतला. त्याचं लॉक तुटलेलं होतं, बोटाने हलवला तर हलत होता. काढून बघितलं तर आतली एक पिन हिरवी पडलेली. इंजिन तर चकाचक होतं, विकण्याआधी प्रेशरने धुतलेलं. लॉक तुटलेल्या कपलरमध्ये तेच पाणी बसलं असणार. चढाला भार आला, इंजिन हललं, की स्पार्क तुटत होता. नवा कपलर वायरच्या तुकड्यासकट मिळतो. तो सोल्डर करून, वर हीट-श्रिंक नळी चढवून लावला. मजुरीसकट सगळं सातशे रुपयांच्या आत झालं.

म्हणून सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर बघा. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हा तर नेहमीचाच प्रकार. बोनेटखाली लेंड्या दिसल्या तर वायरिंगचा प्रत्येक गठ्ठा हाताने चाचपून बघा. बॅटरीही मोजा: गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. बॅटरी कमजोर असली की एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम येतात.

इतर नेहमीचे कोड

पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ: हवा जास्त, पेट्रोल कमी. ॲपमध्ये 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघा, म्हणजे कंप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना हा आकडा खूप चढा आणि २,५०० आरपीएमला उतरत असेल, तर इंजिन कुठूनतरी चोरून हवा घेतंय: फाटका व्हॅक्यूम पाइप, कडक झालेलं गॅस्केट. उलट रेस दिल्यावर चढत असेल तर पेट्रोल पुरत नाही, मग फिल्टर, पंप किंवा हवा मोजणारा सेन्सर बघायचा. सीएनजी बसवलेल्या गाडीत आधी दोन-तीन दिवस फक्त पेट्रोलवर चालवून हाच आकडा परत बघा. पेट्रोलवर तो जागेवर आला तर दोष किटच्या ट्यूनिंगमध्ये आहे, इंजिनात नाही.

पी ०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. हा पार्ट महाग, त्यामुळे घाई नको. आधी मिसिंग आणि सायलेन्सरची गळती निस्तरा. आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा की कन्व्हर्टर जागेवर आहे का. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून तो काढून विकला जातो आणि जागी साधा पाइप वेल्ड केला जातो. नव्या वेल्डिंगची रेघ लगेच ओळखू येते.

डिझेलचं गणित वेगळं. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ असतो आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी तो भरतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेगाने हायवेवर सलग चालवली की बहुतेकदा आतली काजळी जळून तो मोकळा होतो. पण ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा डीपीएफ कोणी बंद करून ठेवलाय असं दिसलं तर त्या गाडीचा सौदा पुन्हा करा.

आणि पेट्रोलचं झाकण घट्ट करा, हा इंटरनेटवर सगळीकडे दिसणारा सल्ला मुख्यतः अमेरिकेतल्या गाड्यांचा आहे. तिकडे टाकीतली वाफ गळते का हे गाडी स्वतः तपासते. आपली मानकं युरोपच्या धर्तीवर असल्याने इथल्या बहुतेक गाड्यांत ती तपासणी नसते.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

दिवा गेला म्हणजे झालं असं धरू नका. दुरुस्तीनंतर कोड उडवा आणि फ्रीझ फ्रेममध्ये होती तशाच परिस्थितीत गाडी चालवा. थोडं शहरात, थोडं हायवेवर, थोडं चढाला. मग परत स्कॅनर लावा. मॉनिटर पूर्ण झालेले हवेत आणि पेंडिंगची यादी रिकामी हवी.

मी पुढच्या रविवारी मुद्दाम आईला घेऊन साताऱ्याला गेलो. खंबाटकीला तिसरा गियर, पाय दाबलेला, फोन होल्डरवर. वर पोचल्यावर गाडी बाजूला लावून यादी बघितली. पेंडिंग शून्य, आणि कोड साफ केल्यापासूनचं अंतर ३४० किलोमीटर. या वेळी ते मी साफ केल्यापासूनचं होतं.