व्हीगन झाल्यावर अकरालाच पोटात कावळे: माझा अनुभव

दूध, दही, पनीर सोडलं आणि दोन महिने तोच प्रकार. पोहे खाऊन बोरिवलीहून फास्ट लोकल पकडायची, अकराला हातपाय गळलेले. बदामाचं दूध घेऊन पाहिलं (पेल्यात जेमतेम 1 ग्रॅम प्रोटीन!). वरण वाढवलं, पण आमचं वरण म्हणजे पाणीच जास्त. सोया चंक्सचा वास घरात कुणालाच सोसेना. वैताग आला होता.

माझं वजन 60 किलो. किलोमागे 0.83 ग्रॅम धरलं तर दिवसाला 50 ग्रॅम प्रोटीन हवं. 50 ग्रॅम कोरड्या चंक्समधून त्यातले साधारण 26 मिळतात, म्हणून आधी वासाचाच बंदोबस्त केला:

पाणी खळखळ उकळून मीठ घाला. चंक्स टाकून गॅस बंद, दहा मिनिटं झाकण. ते पाणी फेकून द्या. रस्स्यात वापरण्याची काटकसर मी केली, वास परत आला. मग थंड पाण्यात दोनदा धुऊन दर वेळी घट्ट पिळा. शेवटी आलं-लसूण, गोडा मसाला लावून कांद्यावर परता. पिळणं कमी पडलं की सगळं फसतं.

हे डब्यात. पोह्यांवर 30 ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे आणखी साडेसात ग्रॅम. उरलेलं घट्ट मुगाची आमटी आणि पोळ्या भागवतात. बी-12 मात्र यात नाही. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून वेगळी घेतो.