भागीदारी मोडताना डोमेन आणि वेबसाइटची तयारी

भागीदारी संपताना सामान, येणी-देणी, बँकेतली शिल्लक यांवर तासन्‌तास बोलणं होतं. वेबसाइटचा विषय निघाला की मात्र 'ती काय, चालूच आहे' म्हणून पुढे सरकतात. करारावर सह्या होण्याआधी तिच्यासाठी एक दिवस राखून ठेवा. आणि त्या दिवशी सकाळी उठून आधी पासवर्ड बदलायला धावू नका. आधी नुसतं बघायचं आणि लिहून काढायचं.

पहिली नोंद: डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, नक्की कुणाचं आहे? डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर ते नाव टाकलं की रजिस्ट्रार (म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी) कोण, मुदत कधी संपते, नेमसर्व्हर (नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारे) कोणते आणि ट्रान्सफरला कुलूप आहे का, एवढं समजतं. मालकाचं नाव हल्ली बहुतेक वेळा झाकलेलं असतं, त्यामुळे रजिस्ट्रारच्या खात्यात शिरूनच ते पाहावं लागतं. तिथे अनेकदा धक्का बसतो. सुरुवातीला ज्याच्याकडे कार्ड होतं त्याने घाईत स्वतःचं नाव घातलेलं असतं, नाहीतर साइट बनवून देणाऱ्याने त्याचं. दरवर्षी पैसे तुम्ही भरले असतील, पण रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव नोंदीत आहे. पावत्या तरीही जमवून ठेवा, वाद झालाच तर लागतील.

दुसरी गोष्ट ईमेलची, आणि माझ्या मते सगळ्या यादीत हीच सर्वांत मोठी. रजिस्ट्रार, होस्टिंग (साइटच्या फाइल्स ठेवणारी सेवा), पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), सगळीकडचा 'पासवर्ड विसरलात?' शेवटी कुठल्यातरी एका मेलबॉक्सकडे जातो. तो मेलबॉक्स ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं. त्यातही एक फास असतो: रजिस्ट्रारच्या खात्याला लावलेला पत्ता त्याच डोमेनवरचा असेल तर डोमेन हातातून गेलं की मेल बंद, आणि मेल बंद म्हणजे डोमेन परत मिळवायचा कोडही येणार नाही. तो पत्ता वेगळ्या सेवेवरचा असू द्या. ओटीपी कुणाच्या फोनवर जातो, रिकव्हरीचा नंबर कुणाचा आहे, तेही त्याच बैठकीत तपासा.

डोमेन हलवायचं ठरलं तर क्रम सांभाळा. दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे असतील तर डोमेन एका खात्यातून दुसऱ्यात सरकवणं सोपं पडतं. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर कुलूप काढून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवण्यासाठीचा गुप्त कोड, घ्यावा लागतो आणि ट्रान्सफर पूर्ण व्हायला पाचेक दिवस जाऊ शकतात. डॉट कॉमसारख्या नावांना नवी नोंदणी किंवा ट्रान्सफर झाल्यावर ६० दिवस पुन्हा हलवता न येण्याची अट लागू शकते, आणि मालकाचं नाव बदलल्यावरही तसंच होऊ शकतं. म्हणून आधी नाव बदललं आणि मग हलवायला गेलात तर दोन महिने अडकून बसाल. बदल करण्याआधीच रजिस्ट्रारला विचारा. देशांच्या डोमेनचे नियम वेगळे असतात.

मुदतीकडेही बघा. ऑटो-रिन्यू जुन्या भागीदाराच्या कार्डावर असेल आणि त्याने ते कार्ड काढलं, तर कुणाच्याच लक्षात न येता डोमेन संपतं. मुदतीआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर अशा दोन आठवणी पाठवणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे, पण त्या नोंदीतल्या पत्त्यावर जातात, म्हणजे कदाचित त्याच्याच. मुदत संपलेलं डॉट कॉम डोमेन रजिस्ट्रारने काढून टाकल्यावर ३० दिवस जास्त पैसे भरून सोडवता येतं, नंतर पाच दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. काही रजिस्ट्रार त्याआधीच लिलावात काढतात, तेव्हा या मुदतीवर विसंबू नका.

नेमसर्व्हर तिसऱ्याच कंपनीकडे असू शकतात, तेही एक वेगळं खातं. डीएनएसच्या, म्हणजे साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचे ते सांगणाऱ्या, सगळ्या नोंदी उतरवून घ्या: ए, सीनेम, एमएक्स (मेलसाठीची) आणि विशेषतः टीएक्सटी, कारण मेल खरोखर तुमचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या खुणा बहुतेकदा तिथेच असतात आणि त्या सुटल्या की तुमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जाऊ शकतात. साइटचा बॅकअप म्हणजे फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही, होस्टिंगच्या बाहेर, आणि एकदा दुसरीकडे उभा करून पाहिलेला. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा तरी विश्वास नाही.

आता कुठे प्रवेश बंद करण्याची पाळी. साइट वर्डप्रेसवर असेल तर तिथले सगळे ॲडमिन तपासा. इतर ॲप्सना प्रवेश देणारे ॲप्लिकेशन पासवर्ड वेगळे रद्द करावे लागतात, मुख्य पासवर्ड बदलून ते जात नाहीत. सर्व्हरवर एसएसएच की (पासवर्डशिवाय सर्व्हरमध्ये शिरू देणारी डिजिटल किल्ली) राहिली तर तिला पासवर्डशी काही देणंघेणं नसतं. एफटीपी खाती (फाइल्स चढवण्यासाठीची), डेटाबेसचा पासवर्ड आणि एपीआय की (इतर सेवा साइटला जोडणाऱ्या किल्ल्या) हेही बदला. गुगल सर्च कन्सोलमधून (गुगल शोधात साइट कशी दिसते ते पाहण्याचं साधन) मालक काढला तरी पडताळणीची फाइल किंवा टीएक्सटी नोंद तशीच असेल तर तो पुन्हा मालक होऊ शकतो. ती खूणही पुसा. आणि संपर्काचा फॉर्म! त्यातल्या चौकश्या कुणाच्या इनबॉक्सात पडतात, हे बहुतेक जण विसरतात. पेमेंट गेटवे कुठल्या बँक खात्यात पैसे टाकतो, तेही आजच बघा.

हे सगळे बदल लेखी संमतीनंतरच करा, ही अट मात्र सोडू नका. रागाच्या भरात भागीदाराला बाहेर ठेवून साइट दुसरीकडे वळवली तर ते तुमच्याविरुद्धच वापरलं जाईल. करारात प्रत्येक डोमेन पूर्ण नावानिशी, सोशल मीडियाची खाती, मजकूर, फोटो, कोड, ग्राहकांची यादी, सगळं कुणाकडे जातं ते लिहा. साइट बाहेरच्या माणसाने बनवली असेल तर कोडचे हक्क तुमच्याकडे आलेत का, ते त्याच्या करारात बघा. १९९९ मध्ये आलेली यूडीआरपी ही तक्रारपद्धत ट्रेडमार्क चोरून डोमेन बळकावणाऱ्यांसाठी आहे. भागीदाराने धंदा एकत्र असताना प्रामाणिकपणे नोंदवलेल्या डोमेनचा वाद तिथे बसत नाही म्हणून फेटाळला जाणं नवीन नाही, आणि मग कोर्ट उरतं.

जाणाऱ्या भागीदाराचा ईमेल पत्ता लगेच बंद करू नका. कुठल्यातरी सेवेचं लॉगिन अजून त्यावर असतं. तो किती महिने चालू राहील, त्यावर येणारे मेल कुणाला जातील आणि त्याचे खासगी मेल कसे वेगळे काढायचे, हेही करारातच घाला. तो बंद करण्याच्या आदल्या दिवशी त्या पत्त्यावर कोणकोणत्या सेवांचे मेल येतात, एकदा पाहून घ्या.