सर्च इंजिनमध्ये मराठी शब्द नीट तोडायचे कसे

साइटवर ‘साताऱ्यातील शाळा’ असं शीर्षक असलेलं पान आहे आणि शोधखिडकीत ‘सातारा शाळा’ टाकल्यावर ते वर येत नाही. मजकूर बरोबर आहे, शोधही बरोबर आहे. चूक मधल्या टप्प्यात, म्हणजे मजकुराचे टोकन (शोधासाठी साठवायचे सुटे शब्द) पाडताना झालेली असते. खालची मांडणी इलॅस्टिकसर्च आणि ओपनसर्च या दोन सर्च इंजिनांसाठी आहे. दोन्हींच्या पोटात ल्युसीन ही शोधाची लायब्ररीच असल्यामुळे सेटिंगची नावं सारखीच आहेत.

या इंजिनांत मराठीसाठी तयार ॲनलायझर (मजकुराचे टोकन पाडणारी मांडणी) येत नाही, हिंदीसाठी येतो. लिपी एकच म्हणून बरेच जण तोच लावतात. तसं करू नका. त्यातला अक्षरं एकसारखी करणारा हिंदी नॉर्मलायझेशन फिल्टर अर्धचंद्राची मात्रा बनवतो, दीर्घ ऱ्हस्व करतो, ‘ऱ’चा ‘र’ करतो आणि हलन्ताचं चिन्ह काढून टाकतो. मग ‘बॅट’ शोधणाऱ्याला ‘बेट’ मिळतं, ‘पॅन’ आणि ‘पेन’ एक होतात, ‘बॉल’ आणि ‘बोल’ एक होतात. सगळ्यात वाईट म्हणजे ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत फरकच उरत नाही. मराठीत हे वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच राहिले पाहिजेत.

कस्टम ॲनलायझरचे तीन थर असतात आणि ते याच क्रमाने चालतात: कॅरॅक्टर फिल्टर (मूळ मजकुरातली अक्षरं बदलतो), टोकनायझर (मजकूर तोडतो), टोकन फिल्टर (तुटलेले टोकन बदलतो). मराठीत निम्म्याहून जास्त काम पहिल्या थरात आहे.

पहिला थर: अक्षरं एकसारखी करणं

‘ऱ्या’ पडद्यावर एकसारखा दिसतो, पण तो तीन प्रकारे टाइप झालेला असतो. काही कीबोर्ड थेट ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) आणि हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी) देतात. क्वचित र, नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) आणि हलन्त असाही क्रम सापडतो. मॅपिंग प्रकारचा (दिलेल्या अक्षरांच्या जागी दुसरी ठेवणारा) कॅरॅक्टर फिल्टर घ्या आणि दुसरा-तिसरा प्रकार पहिल्यात बदला. जॉइनर सरसकट काढण्याच्या आधी हे झालंच पाहिजे. आधी जॉइनर काढला तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. आयसीयू नॉर्मलायझर (युनिकोडच्या नियमांनी अक्षरं एकसारखी करणारा फिल्टर) वापरत असाल तर तो मूळ सेटिंगमध्ये जॉइनर गाळतो, म्हणून त्याला मॅपिंगच्या नंतर ठेवा.

‘ॲप’चंही तसंच. ॲ (यू+०९७२) हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचा आणि नंतरचाही पुष्कळ मजकूर अ, जॉइनर आणि अर्धचंद्र असा आहे, काही ठिकाणी जॉइनरशिवाय, तर काही ठिकाणी हिंदी कीबोर्डवरचा ऍ. सगळे ॲ कडे वळवा. एवढं झाल्यावर उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर (यू+२००सी) ‘काहीच नाही’ला मॅप करून काढून टाका.

सेटिंगच्या फाइलमध्ये ही अक्षरं थेट चिकटवू नका. बॅकस्लॅश-यू आणि चार आकडी क्रमांक अशा पद्धतीनेच लिहा. न दिसणारं अक्षर कॉपी-पेस्टमध्ये गळतं आणि नियम शांतपणे निकामी होतो. अशी चूक शोधायला अख्खा दिवस जातो.

विसर्गाच्या जागी कोलन टाइप करण्याची सवय सर्वत्र आहे. कोलनचा सरसकट विसर्ग केलात तर ‘वेळ:सकाळी’ असा मजकूर बिघडतो. त्यापेक्षा दु:, नि:, अंत:, स्वत:, पुन:, प्रात: एवढेच तुकडे मॅपिंगमध्ये द्या. एवढ्याने बहुतेक शब्द सुटतात.

दुसरा थर: तोडणं

टोकनायझर स्टँडर्डच ठेवा. तो युनिकोडच्या शब्दसीमांच्या नियमांनी चालतो, त्यामुळे मात्रा, अनुस्वार, हलन्त यांपाशी शब्द तुटत नाही. दोन जागी मात्र तो अडतो.

एक म्हणजे टिंब. दोन अक्षरांच्या मधलं टिंब तो शब्दाचाच भाग मानतो. ‘कि.मी.’चं टोकन ‘कि.मी’ असं पडतं, आणि पूर्णविरामानंतर जागा सोडायची राहिली असेल तर ‘आहे.पण’ हा अख्खा एक शब्द होतो. आधी तुमच्या मजकुरातली नेहमीची संक्षिप्त रूपं मॅपिंगमध्ये घाला (कि.मी. चं किमी). मग पॅटर्न रिप्लेस (नमुन्याशी जुळणारा भाग बदलणाऱ्या) कॅरॅक्टर फिल्टरने देवनागरी अक्षरांमधल्या उरलेल्या टिंबाच्या जागी एक स्पेस ठेवा. पॅटर्नमध्ये टिंबाच्या आधी ‘अक्षर’ हा एकच युनिकोड वर्ग दिला तर नियम ‘आहे.पण’वर लागणारच नाही, कारण ‘आहे’च्या शेवटी मात्रा आहे आणि मात्रा ‘चिन्ह’ या वर्गात मोडते. दोन्ही वर्ग द्या. एका चिन्हाच्या जागी एकच चिन्ह आल्यामुळे मजकुराची लांबी बदलत नाही आणि हायलाइटही (निकालात शोधलेला शब्द ठळक दिसणं) जागेवर राहतं.

दुसरी जागा आकड्यांची. ‘५००रुपये’ एकच टोकन होतं. अंक आणि अक्षर यांच्यामध्ये स्पेस घालता येते, पण त्याने लांबी बदलते आणि हायलाइट सरकू शकतं. म्हणून हा नियम फक्त खाली सांगितलेल्या दुय्यम फील्डमध्ये (मजकूर साठवायच्या रकान्यात) ठेवा. देवनागरी अंक डेसिमल डिजिट या टोकन फिल्टरने सहज सुटतात: २०२४ आणि इंग्रजी अंकांतलं तेच साल एकमेकांना सापडू लागतं.

एसक्यूलाइट या डेटाबेसचं एफटीएस ५ (त्यातली मजकूर शोधण्याची सोय) वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. त्याचा मूळचा युनिकोड ६१ टोकनायझर अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग धरतो, चिन्हांना नाही. त्यामुळे ‘पुणे’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे होतात. टेबल बनवतानाच कॅटेगरीज या पर्यायात चिन्हांचे एमएन आणि एमसी हे दोन वर्ग जोडा. जॉइनर आधी साफ केले नसतील तर सीएफ हा वर्गही लागेल.

तिसरा थर: प्रत्यय

इथे त्याच मजकुराची दोन फील्ड करा. मुख्य फील्डमध्ये शब्द जसाच्या तसा, दुय्यम फील्डमध्ये प्रत्यय काढलेला. शोध दोन्हींवर चालवा आणि मुख्य फील्डला तिप्पट वजन देऊन सुरुवात करा.

दुय्यम फील्डसाठी पॅटर्न रिप्लेस टोकन फिल्टरमध्ये शब्दाच्या शेवटचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं द्या, लांब आधी, आखूड नंतर: च्यासाठी, तल्या, तील, पर्यंत, पासून, मध्ये, समोर, साठी, वरून, हून, च्या, चा, ची, चे, ला, ने. ‘त’ सगळ्यात धोक्याचा. आधी आ, ई किंवा ए यांची मात्रा आणि त्याही आधी किमान दोन व्यंजनं असतील तरच तो काढा. त्यामुळे ‘शाळेत’ सुटतं, ‘हात’ आणि ‘भात’ वाचतात.

तरीही ‘गुजरात’ आणि ‘संगीत’ कापले जातातच. त्यांच्यासाठी कीवर्ड मार्करची (न कापायच्या शब्दांवर ‘कीवर्ड’ अशी खूण लावणाऱ्या फिल्टरची) यादी लागते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. पॅटर्न रिप्लेस ही कीवर्डची खूण पाहतच नाही. ती फक्त स्टेमर (शब्द मूळ रूपाकडे नेणारे फिल्टर) पाहतात. म्हणून पॅटर्न रिप्लेसला कंडिशन (अट पाळून चालणाऱ्या) फिल्टरमध्ये गुंडाळा आणि टोकन कीवर्ड नसेल तरच चालव अशी अट घाला.

प्रत्यय गेला की सामान्यरूप उरतं. लगेच शेवटचा काना काढू नका. ‘पुण्यात’चं ‘पुण्या’ होतं, आणि काना काढलात की उरतं ‘पुण्य’. आधी स्टेमर ओव्हरराइडमध्ये (ठरावीक शब्दांचं मूळ रूप हाताने सांगायच्या फिल्टरमध्ये) गावांची यादी द्या: पुण्या चं पुणे, ठाण्या चं ठाणे, साताऱ्या चं सातारा, नागपुरा चं नागपूर, कोल्हापुरा चं कोल्हापूर, नाशका चं नाशिक. ओव्हरराइड झालेल्या टोकनवर आपोआप कीवर्डची खूण बसते, म्हणून त्यानंतरचा काना काढणारा नियमही त्याच अटीखाली ठेवा. ‘पुण्याचा’ हा शब्द शहराचाही असू शकतो आणि पुण्याईचाही. बातम्यांच्या साइटला यादी योग्य आहे, संतसाहित्याच्या संग्रहात ‘पुण्या’ची ओळ गाळा.

तपासणी ॲनलाइझ एंडपॉइंटवर (मजकुराचे टोकन कसे पडतात ते दाखवणाऱ्या इंजिनच्या पत्त्यावर) करा, एक्स्प्लेन पर्याय चालू ठेवून. प्रत्येक थरानंतर काय उरलं ते दिसतं. दऱ्या आणि दर्या, बॅट आणि बेट, साताऱ्यातील, आहे.पण, कि.मी., दु:ख, गुजरात, गुजरातमध्ये, नागपुरात एवढे शब्द प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवा.

चालू फील्डचा ॲनलायझर जागेवर बदलता येत नाही, आणि जुने दस्तऐवज जुन्याच टोकनांनी साठवलेले असतात. नवा इंडेक्स (टोकनांचा साठा) बनवा, रीइंडेक्स करा (दस्तऐवज त्यात नव्याने भरा), दोन्हींतली दस्तऐवजांची संख्या जुळवा आणि मगच एलियास (शोध ज्या टोपणनावावर चालतो ते) नव्याकडे वळवा. जुना इंडेक्स आठवडाभर तरी पुसू नका.