मोकोरोत बसण्याआधी या चुका टाळा

ओकावांगोला माणसं घेऊन जायला लागल्यापासून मी त्याच त्या चुका पाहतो आहे. बोट्स्वानातली ही पाणथळ जागा २०१४ साली जागतिक वारसा यादीतलं हजारावं स्थळ ठरली. अंगोलातून आलेली नदी इथे समुद्राला न मिळता कलहारीच्या वाळूत पसरते आणि तिथेच संपते. या पाण्यात फिरायची खरी होडी म्हणजे मोकोरो. अरुंद, उथळ, पूर्वी एकाच खोडातून कोरलेली. दोन प्रवासी पुढे बसतात, नावाडी मागे उभा राहून 'न्गाशी' या लांब काठीने तळाला रेटा देतो.

पहिली चूक घरी तिकीट काढतानाच होते. पाऊस पडला की नद्या भरतात, हे आपल्या अंगात मुरलेलं. म्हणून लोक नेटवर तिथला पावसाळा शोधतात आणि जानेवारीचं तिकीट काढतात, शिवाय ते स्वस्तही मिळतं. पण ओकावांगोचा पूर अंगोलाच्या डोंगरातल्या पावसाचा. इथल्या सुमारे २५० किलोमीटरच्या वाटेत उतार जेमतेम ६० मीटर, त्यामुळे ते पाणी अक्षरशः रांगत येतं. या पाणथळीच्या दुसऱ्या टोकाच्या माऊन गावापर्यंत पोचायला त्याला चारेक महिने लागतात. म्हणजे आभाळ कोरडं, थंडी पडलेली आणि पाणी मात्र भरलेलं, अशी स्थिती जून ते ऑगस्टमध्ये असते.

एका जानेवारीत मी माऊनमध्ये असताना नाशिकचं एक कुटुंब भेटलं. सगळं स्वतःच ठरवून आलेलं. तीन दिवसांची सहल त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोडली होती. पाणी इतकं उतरलेलं की नावाडी निम्मा वेळ खाली उतरून होडी ढकलत होता आणि मुलं वरच्या उन्हाने रडकुंडीला आलेली. पाच-सहा महिने थांबले असते तर, हे त्यांना तोंडावर सांगायला माझी जीभ वळली नाही. बरं, महिना बरोबर असला तरी पाणी येईलच असं नाही. २०१९ च्या दुष्काळात माऊनमधली थामलाकाने नदी कोरडी पडली होती. मी पैसे भरण्याआधी तिथल्या माणसाला फोन करून एकच गोष्ट विचारतो : या आठवड्यात पाणी कुठवर आलंय?

दुसरी चूक उभं राहण्याची. ताडोबात जिप्सीत उठून फोटो काढायची सवय लागलेली असते, ती माणसं इथेही उठतात. मोकोरोचा काठ पाण्यापासून काही बोटंच वर असतो. आमच्या एका गटातले गृहस्थ बायकोच्या खांद्यावरून खंड्याचा फोटो घ्यायला गुडघ्यावर आले आणि होडी कलंडली. पाणी कमरेएवढंच होतं, पण तिथे मगरी असतात. नावाड्याने कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी दोघांना ओढून लव्हाळ्यात उभं केलं. पासपोर्ट खिशात होते, दोन्ही लगदा झाले. भारताचं उच्चायुक्तालय गॅबोरोनला, माऊनहून रस्त्याने ९०० किलोमीटरच्या वर. उरलेली सुट्टी त्यातच गेली. मला अजून आठवतो तो नावाडी. सकाळभर पक्ष्यांची नावं सांगणारा तो माणूस संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून कागदपत्रं मी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड गुंडाळून, पोटाशी बांधायला लावतो. फोटो हवा असेल तर हात वर करायचा, नावाडी होडी वळवून देतो.

पाणघोड्याच्या 'जरा जवळ' न्या म्हणून नावाड्याला पैसे दाखवू नका. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. दिवसा पाणघोडे खोल डोहात असतात, म्हणूनच तो उथळ कडेने जातो. हा मार्ग त्याच्या वाडवडिलांनी आखलेला आहे. बायेई लोक पिढ्यानपिढ्या याच पाण्यावर जगत आलेत. तो नाही म्हणाला की विषय संपला.

बाकीच्या चुका छोट्या. पाण्यात हात सोडून बसू नका. कडक सुटकेस आणू नका, होडीत ती मावत नाही. आफ्रिका म्हणजे उकाडा असं धरून जुलैत स्वेटर घरी ठेवू नका, पहाटे पाण्यावर हुडहुडी भरते. मलेरियाच्या गोळ्यांचं निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. फायबरग्लासची होडी पाहून 'ही खरी नाही' म्हणून तोंड वाकडं करू नका; एका लाकडी होडीसाठी एक मोठं जुनं झाड जातं.

आणि दोन विमानांच्या मधल्या दोन तासांत मोकोरो 'उरकायला' येऊ नका. पहिला तास तर कान शांत व्हायलाच जातो. मग लव्हाळ्यातल्या बेडकांचा आवाज ऐकू येतो, कमळाच्या पानावरून चालणारा कमळपक्षी दिसतो. मी किमान दोन रात्री बेटावर तंबूत काढतो. होडीत पाय ठेवण्याआधी नावाड्याला तिथल्या सेत्स्वाना भाषेत 'दुमेला रा', म्हणजे नमस्कार, म्हणतो, बाई असतील तर 'दुमेला मा', आणि मगच बसतो.