दुसऱ्या सिस्टिमची हार्ड डिस्क लावली आणि ती 'फॉरमॅट करू का' विचारतेय? थांबा जरा

सगळ्यात आधी एकच, फॉरमॅट दाबू नका. कॅन्सल करा, मग निवांत वाचा.

ताईच्या लग्नाची हार्ड डिस्क फोटोग्राफरने कुरिअरने पाठवली, बाबांनी ती घरच्या विंडोजवाल्या लॅपटॉपला लावली आणि समोर आलं की ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. बाबांचा हिशोब सरळ, मशीन सांगतंय म्हणजे करायचंच असणार. मी नेमका चहा घेऊन तिथे पोचलो म्हणून वाचलं, नाहीतर हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं गेलं असतं. फोटोग्राफर मॅकवर काम करणारा, डिस्क मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, आणि विंडोजला ती वाचताच येत नव्हती. डिस्क एकदम ठणठणीत होती. घरात मोडीतला जुना कागद सापडला तर वाचता आला नाही तरी आपण तो रद्दीत घालत नाही ना, विंडोज मात्र बिनदिक्कत तेच सुचवतं.

तर पहिलं काम म्हणजे डिस्क कुठल्या फॉरमॅटची आहे ते बघणं. सगळ्यात सोपं, ज्याची डिस्क आहे त्याला फोन करा आणि विचारा कुठल्या मशीनवर वापरत होतास. नाहीतर विंडोजमध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथे पार्टिशन (डिस्कचा कप्पा) दिसतंय, साइज बरोबर आहे, पण फॉरमॅटचं नाव नाही किंवा 'रॉ' लिहिलंय (म्हणजे विंडोजला फॉरमॅट ओळखता आलेला नाही), तर ती बहुतेक मॅकची किंवा लिनक्सची (विंडोजसारखीच एक वेगळी सिस्टिम) असते. 'बहुतेक' म्हणालो कारण खराब झालेली विंडोजची डिस्क पण रॉ दिसते. उबुंटूमध्ये (लिनक्सचाच एक प्रकार) डिस्क्स नावाचं ॲप आहे आणि मॅकवर डिस्क युटिलिटी, दोन्हीकडे नाव सरळ लिहिलेलं असतं.

फॉरमॅटची नावं अशी, विंडोजचं एनटीएफएस, लिनक्सचं साधारणपणे ईएक्सटी४, मॅकचं जुनं एचएफएस प्लस आणि २०१७ पासूनचं एपीएफएस. विंडोज यातलं स्वतःचं सोडून काही वाचत नाही. मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही, त्यामुळे 'मॅकवर फाइल दिसतेय पण डिलीट होत नाही, पेस्ट होत नाही' अशी तक्रार आली की समजायचं डिस्क विंडोजची आहे. लिहायचंच असेल तर पॅरागॉन किंवा टक्सेराचं विकतचं सॉफ्टवेअर मिळतं, पण एकदाच काम असेल तर त्यावर पैसे घालवू नका असं माझं मत. लिनक्स यात सगळ्यात मनमिळाऊ, बाकीच्यांचेही बरेच फॉरमॅट वाचतो.

म्हणून ताईच्या डिस्कचं मी असं केलं, पेन ड्राइव्हवर उबुंटू टाकलं, लॅपटॉप त्यावरून सुरू केला, इन्स्टॉल न करता 'ट्राय' वर गेलो आणि डिस्क लावली. ती एचएफएस प्लस निघाली, लगेच उघडली. जर्नल (बदलांची नोंदवही, मध्येच काही बिघडलं तर सावरायला) चालू असलेली एचएफएस प्लस लिनक्समध्ये फक्त वाचायला मिळते, पण आपल्याला कॉपीच करायची असते त्यामुळे ते उलट बरंच, चुकून काही उडत नाही. दुसरी रिकामी डिस्क लावली, कॉपी लावून झोपलो. एपीएफएस असती तर एवढं सहज झालं नसतं, त्याला वेगळं टूल टाकावं लागतं, तेव्हा मॅकवाला मित्र गाठणं जास्त सोपं. विंडोजमध्येच राहायचं असेल तर एचएफएस एक्सप्लोरर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला जावा लागतं, तेही फक्त वाचतं.

लिनक्सची डिस्क विंडोजमध्ये वाचायची तर लिनक्स रीडर म्हणून फुकट प्रोग्रॅम मिळतो. विंडोज ११ मध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर त्याच्या माउंट कमांडने अख्खी डिस्क जोडता येते आणि मग फाइल एक्सप्लोररमध्ये पेंग्विनच्या खाली दिसते. पेन ड्राइव्ह मात्र त्यात घेत नाही, उगाच तासभर झगडू नका.

आता जिथे लोक सगळ्यात जास्त अडकतात ते. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहे, लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडायला गेलं की एरर येतो, नाहीतर उघडतो पण काही सेव्ह होत नाही. दोष लिनक्सचा नसतो. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप म्हणून प्रकार आहे, शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि ड्राइव्ह 'माझं काम चालू आहे' अशा अवस्थेत ठेवून जातं. अशा वेळी बाहेरून काही लिहिलं तर डेटाची वाट लागू शकते म्हणून लिनक्स हात आखडता घेतो. उपाय, कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे वरची निळी लिंक दाबल्याशिवाय खालचे चौकोन करडेच राहतात, ती दाबा आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढा. एवढा वेळ नसेल तर विंडोजमधून शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा आणि मेन्यूत लिनक्स निवडा, रीस्टार्टला विंडोज खरोखर बंद होतं. नेटवर कोणीतरी 'फोर्स' लावून माउंट करायला सांगतो, ते करू नका.

बाहेरची डिस्क इजेक्ट न करता ओढून काढली असेल तरी असाच एरर येतो. ती विंडोजला लावून ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. लिनक्समध्ये एनटीएफएसफिक्स आहे पण ते वरवरचं, विंडोजच्या या चेकची (चेकडिस्कची) बरोबरी त्याला नाही. आणि ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा, ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.

डिस्क सगळीकडे फिरवायची असेल तर ती एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमध्ये करा. विंडोज, मॅक दोन्ही लिहितात, लिनक्समध्ये २०१९ च्या ५.४ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आतच आलंय. फॅट३२ पण सगळीकडे चालतं पण त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. मामाच्या जुन्या टीव्हीसाठी लग्नाचा ११ जीबीचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर टाकत होतो, ड्राइव्ह निम्मा रिकामा आणि मशीन म्हणतंय फाइल मोठी आहे, कारण ड्राइव्ह फॅट३२. त्या टीव्हीला एक्सफॅट कळत नव्हतं, शेवटी व्हिडिओचे तीन तुकडे केले. एक्सफॅटला जर्नल नसतं, म्हणजे मध्येच ओढून काढली तर सावरून घ्यायला काही नाही, इजेक्ट कराच. आणि फॉरमॅट करायच्या आधी आतलं सगळं दुसरीकडे घ्या, फॉरमॅट बदलला की आतला डेटा गेलाच.

हो, एक राहिलंच. लिनक्समधून एक्सफॅटवर कॉपी करताना मध्येच 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' आलं तर डिस्कला शिव्या द्यायच्या आधी फाइलचं नाव बघा. मी 'लग्न: भाग २' असं ठेवलं होतं, तो विसर्ग नव्हता, कोलन होता, तो काढला आणि गेली कॉपी.